घोड्यावरची मागची जागा

डाव्या तळहातावर एक बोल्ट, उजव्या तळहातावर दुसरा, आणि डोळे गच्च मिटलेले. सातपूरच्या आमच्या कारखान्यात स्टोअरच्या ताईंकडे तुम्ही केव्हाही गेला असतात, तर त्या बहुतेक अशाच उभ्या दिसल्या असत्या. शेजारी चांगला वजनकाटा होता. पण नाही. आधी हातांना विचारायचं, मग काट्याला. दोघांचं जमलं नाही तर काटा बिघडलेला.

"ताई, घ्या की कुठलाही. बोल्ट आहे, जावई नाही," मी म्हणायचे.

"घाई नको गं. आधी तिथलं पाणी पिऊन बघू."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या मूळच्या सायखेड्याच्या. त्यांचे वडील म्हणे मुलीसाठी स्थळ आलं की आधी त्या गावच्या विहिरीचं पाणी पिऊन यायचे. पाणी गोड लागलं तरच बोलणी पुढे. ताईंच्या बाबतीत बऱ्याच गावचं पाणी पिऊन झालं आणि लग्न राहूनच गेलं. हे त्याच हसत हसत सांगायच्या. द्वारका चौकाजवळ दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि बसने कामाला यायच्या. आयुष्यात सायकलसुद्धा शिकल्या नाहीत.

कुणाला मिक्सर घ्यायचा असो, कुणाला मुलाची शाळा ठरवायची असो, ताईंना विचारल्याशिवाय आमच्या ऑफिसात पान हलायचं नाही. त्यांच्याबरोबर द्राक्षं घ्यायला जाणं मात्र शिक्षा होती. एका गाडीवरचा मणी खायचा, मग दुसऱ्या गाडीवरचा. तोवर पहिल्याची चव विसरलेली, म्हणून परत पहिल्या गाडीवर. गाडीवाले त्यांना लांबून पाहून तोंड फिरवायचे.

अशी बाई मोबाईलवर गेम खेळायला लागली, तेही जादूगार आणि राक्षसांचा. आता बोला!

झालं असं. आमच्या डिस्पॅचचा विशाल डबा खाता खाता तो गेम खेळायचा. हजारो माणसं आपापल्या घरून त्यात शिरतात, कुणी योद्धा होतं, कुणी चेटकीण, आणि सगळे एकाच राज्यात फिरतात. एक दिवस ताई त्याच्या खांद्यावरून बघत उभ्या राहिल्या.

"ही नदी कुठपर्यंत जाते रे?"

"काय माहीत ताई. मी नुसती मारामारी करतो."

"इतके दिवस नदीकाठी राहतोस आणि ती कुठे जाते ते माहीत नाही?"

दुसऱ्या दिवशी ताईंच्या मोबाईलवर तो गेम होता. हिरव्या झग्यातली एक चेटकीण, हातात काठी. राक्षस दिसला की त्या वाट सोडून बाजूला व्हायच्या. मारामारी नाहीच. नदीच्या कडेकडेने नुसतं चालायचं. पहाटेचं धुकं, पाण्यावर वाकलेली झाडं, पलीकडे कुठेतरी लुकलुकणारा एक दिवा. मी चेष्टा करायचे, पण खरं सांगते, कधी कधी माझाही घास हातात राहायचा. बाहेर यंत्रांची धडधड चालू असायची आणि त्या एवढ्याशा काचेत एक नदी काही न बोलता वाहत असायची.

मग कळलं की ताई तिथे एकट्या फिरत नाहीत. बरोबर एक पिवळ्या झग्यातली चेटकीण असते. ती शकू.

शकूताई म्हणजे ताईंची सायखेड्याची बालमैत्रीण. शाळेत असताना शकू सायकल चालवायची आणि ताई मागे कॅरिअरवर. पुढे शकू अंगणवाडीत लागली, तिने लूना घेतली, आणि ताई सुट्टीत गावी गेल्या की त्या लूनावर मागे. नदीच्या पुलावरून दोघी सुसाट. मग एके वर्षी शकूताईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, हातपाय आले नाहीत. ओट्यावरची खाट हेच त्यांचं जग झालं.

ताईंनी तिला मोबाईलमध्ये तो गेम घालून दिला. त्यात डावा अंगठा जिथे टेकवाल तिथे आपली चेटकीण आपोआप चालत जायची. झालं! रोज डब्याच्या सुट्टीत सातपूरहून ताई आणि सायखेड्याहून शकूताई नदीकाठी भेटायच्या. खेळता खेळता बोलायचीही त्यात सोय होती; फोनमधून शकूताईंचा आवाज यायचा, "बये, चल लवकर, त्या दिव्यापर्यंत जाऊ." आणि पिवळी चेटकीण पुढे, हिरवी मागे.

"तिला फिरायला एवढीच जागा उरलीय गं," ताई एकदा मला म्हणाल्या. डब्यातली भाजी तशीच होती.

आणि मग त्या गेमवाल्यांना अवदसा आठवली. गेम सुधारला म्हणे. सुधारला म्हणजे काय, तर आता डाव्या अंगठ्याने चालायचं आणि त्याच वेळी उजव्या अंगठ्याने वळायचं. शकूताईंची चेटकीण एका खडकाला तोंड लावून उभी राहिली. पाय हलतायत, जागची हलत नाही. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. ताईंनी "शके, शके" अशा दोनतीन हाका मारल्या. पलीकडून फोन बंद झाला.

त्या दिवशी ताईंनी बोल्ट तोललेच नाहीत. आला तो माल ठेवून घेतला.

विशालने तोड काढली. दुसरा एक गेम होता, तसाच जादूचा. त्यात अजूनही बोट टेकवलं की चालता यायचं, बोलताही यायचं. शिवाय घोडा होता, आणि घोड्यावर दोन माणसं बसायची, एक पुढे, एक मागे. "डबलसीट आहे ताई! शकूताईंनी मागे बसायचं, तुम्ही चालवायचं. त्यांना बोटसुद्धा हलवायला नको."

दुसरी कुणी असती तर त्याच दिवशी जुना सोडून नव्यात गेली असती. ताई कसल्या जातायत! "घाई नको. तिचं मन परत मोडलं तर पुन्हा हातात फोन धरणार नाही ती. आधी तिथलं पाणी पिऊन बघू."

मग काय, डब्याच्या सुट्टीत आमच्याकडे दोन राज्यांची तुलना सुरू झाली. एक नदीवाला गेम, एक डोंगरवाला. इंग्रजी नावं ताईंच्या तोंडात बसत नव्हती. उजवा हात पदराने पाठीमागे बांधून घ्यायचा, मोबाईल माझ्या लोणच्याच्या बरणीला टेकवायचा, आणि फक्त डाव्या अंगठ्याने खेळायचं. विशालने पुढे बसून घोडा हाकायचा, ताईंनी मागे बसून बघायचं की बसता येतं का, पडायला होतं का, पडलं तर एका हाताने परत चढता येतं का. एकदा सेफ्टीचे साहेब खिडकीतून ते बघून धावत आत आले. बांधलेला हात बघून त्यांचा चेहरा पांढराफटक. "अपघात कुठे झाला? मला कुणी कळवलं का नाही?"

"घोड्यावरून पडले," ताई मान वर न करता म्हणाल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी चावत राहिले. हसू आवरेना.

डोंगरवाल्या गेमचं पाणी त्यांना हळूहळू गोड लागायला लागलं. तिथला सूर्य सावकाश उगवायचा. पांढरी फुलं आपोआप उमलायची, ढग घोड्याच्या पायांखालून जायचे, लांब कुठेतरी घंटा वाजायची आणि देऊळ काही दिसायचं नाही. "सगळं छान आहे गं," त्या म्हणायच्या, "पण नदी नाही. ओढेच ओढे. शकूला नदी लागते."

"अहो, एवढं जुळवून बघायला हे लग्न आहे का?" मी वैतागून म्हणाले.

"लग्नात एवढं बघितलं नसतं तरी चाललं असतं. हे लग्नाहून जास्त आहे."

शेवटी ठरलं. एका रविवारी द्वारका चौकातून गाडी पकडून आम्ही सायखेड्याला गेलो. मोबाईलची काही अडचण आली तर असावी म्हणून मला घेतलं होतं. शकूताई ओट्यावर खाटेला टेकून बसल्या होत्या. सावळ्या, ठसठशीत बाई, डोळ्यांत धाक. सुनेने चहा दिला. ताईंनी नवा गेम उघडून दिला, पिवळा झगा निवडून दिला, घोडा आणून उभा केला, आणि लहान मुलीसारख्या खुलून म्हणाल्या, "शके, आता तुला काही म्हणजे काही करायचं नाही. तू नुसतं मागे बसायचं. मी नेते तुला."

शकूताईंनी फोनकडे पाहिलं. मग ताईंकडे.

"मी काय खताची गोणी हाय का, मागं टाकून न्यायला?"

"अगं, तसं नाही..."

"तसंच हाय. वारं गेल्यापास्नं समदे मला उचलत्यात नि ठिवत्यात. इथून उचल, तिथं ठेव. नाय म्हणून भागत नाय, पडून ऱ्हाते. पर तिथं नदीवर मला कुणी उचलत नव्हतं, बये. माझ्या पायानं चालत व्हते मी. आता तू बी उचलाया आली व्हय?"

सून आत निघून गेली. ताईंचा चेहरा मला बघवेना. इतके दिवस हात बांधून घेतला, दोन्ही राज्यं पालथी घातली, आणि एक गोष्ट करून बघायची राहिली होती. डाव्या अंगठ्याने पुढे बसून घोडा हाकता येतो का, हे ताईंनी बघितलंच नव्हतं. शकू मागे बसेल, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. स्वतः जन्मभर शकूच्या मागे बसलेली बाई, पण पुढे शकूच असायची हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

माझा स्वभाव तुम्हाला आतापर्यंत कळला असेल. मला गप्प बसवत नाही. "मग तुम्ही बसा पुढे!" मी म्हणाले. "ताईंना कुठे येतंय काही चालवायला?"

शकूताईंचा ओठ डाव्या बाजूने हलला. ते हसू होतं हे मला जरा उशिरा कळलं.

पिवळी चेटकीण पुढे बसली, हिरवी मागे. शकूताईंनी डावा अंगठा काचेवर टेकवला आणि घोडा उधळला. आधी एका कुंपणात शिरला, मग कुणाच्या तरी तंबूत, मग थेट ओढ्यात. तिथे उभे असलेले योद्धे बाजूला पळाले. ताई खाटेच्या कडेला बसल्या होत्या, शकूताईंना चिकटून, आणि ओरडत होत्या, "शके, ब्रेक! अगं ब्रेक लाव, मेले मी!" त्यांनी शकूताईंचा खांदा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. खांदा उजवा होता, ज्याला काही कळत नव्हतं. शकूताई म्हणाल्या, "हालू नको मागं, तोल जातो माझा." मी चहाचा कप तोंडाला लावून बसले, कारण मला रडू येत होतं.

त्यानंतर डब्याच्या सुट्टीत ताई मोबाईल बरणीला टेकवायच्या आणि हात मांडीवर ठेवून नुसत्या बसायच्या. चालवणारी सायखेड्यात. ढग पायाखालून जायचे. अधूनमधून शकूताई विचारायच्या, "बसली नीट?" ताई म्हणायच्या, "बसले." मी आणि विशालनेही तिथे एकेक माणूस करून ठेवला होता, पण आमची नुसती पायी पायी वणवण. ताई फक्त एकच कुरकुर करायच्या, "नदी असती तर किती बरं झालं असतं गं." तिकडून उत्तर यायचं, "डोंगर हायत म्हंजे नदी असनारच. गावंल. दम धर."

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला होता तेव्हा ताई गेल्या. सकाळी बसला आल्या नाहीत. दार उघडलं तेव्हा अंथरुणात शांत झोपलेल्या होत्या. हे असं पटकन लिहून टाकते, कारण दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने मला ते लिहिता येत नाही. ज्या बाईने आयुष्यात काहीही घाईने केलं नाही, तिने हे इतक्या घाईने करावं याचा मला राग येतो. अजूनही येतो.

स्टोअरला नवा माणूस आला. चांगला आहे. तो सरळ काट्यावर वजन करतो.

शकूताईंना फोन करायचा मला धीर होत नव्हता. काय बोलणार? परवा डब्याच्या सुट्टीत, का कोण जाणे, मोबाईल बरणीला टेकवून मी तो डोंगरवाला गेम उघडला. माझी बाई होती तिथेच उभी होती, पांढऱ्या फुलांत. ऊन नुकतं उतरत होतं. लांबून एक घोडा आला. पुढे पिवळा झगा. मागची जागा रिकामी. कुंपणाला न लागता, तंबू चुकवून, अगदी सफाईने माझ्यासमोर येऊन थांबला.

"पोरी, तूच ना ती? कप तोंडाला लावून बसलेली?" फोनमधून आवाज आला.

"हो, शकूताई."

त्यांनी घोडा माझ्या शेजारी आणून लावला. मग त्या म्हणाल्या, "रोज निघते मी. तिला नदी पायजे व्हती ना. वरल्या अंगाला पाण्याचा आवाज येतोय, पर एकटीला तिकडं जाववत नाय. बस मागं."

मी विचारलं, "मी? मला येईल का तसं बसायला?"

"काय करायचं नसतंय. नुसतं हालायचं नाय."

मी मागे बसले.

"बसली नीट?"

"बसले," मी म्हणाले.

घोडा डोंगराच्या वाटेला लागला. सुट्टी संपायला अजून थोडा वेळ होता.