किकवीच्या उतारावर न थांबलेली मोटार

भगिनींनो, आज सकाळी किकवीच्या उतारावर माझ्या धाकट्या भावाच्या शर्यतीच्या मोटारीचे ब्रेक लागले नाहीत, म्हणून मंडळाच्या फिरत्या वहीत हे लिहिते आहे.

मी शेजारीच बसले होते. समोरच्या गाडीवानाने बैल शेतात घातले, म्हणून सारे वाचलो. तो मला म्हणाला, "बाई, ही तिसरी खेप. दर खेपंला बैल ऐकतील असं न्हाई."

भाऊ हसला. "ताई, ब्रेकची तार मुंबईहून येईपर्यंत जपून चालवीन."

"चालवायचीच नाही," मी म्हटले.

तुमच्या घरच्या मोटारवाल्याला वेग नका विचारू. ती थांबते का, ते विचारा.

दुपारी त्याने किल्ली माझ्या हाती दिली. मिळाली एक. मोटारीबरोबर दोन आल्या होत्या.