संपाच्या निशाणाचं अस्तर

विनीमावशी ऑग्डेन मुळातच उतावळी, पण त्या मंगळवारी तर तिच्या अंगात वारं शिरलं होतं. आमच्या सॉल्फर्डच्या कामगार चळवळीच्या वाचनालयात तिच्या संपाचं निशाण कुणीतरी आणून दिलं होतं. ते बघायला तिला गाडीतून न्यायचं काम माझ्याकडे आलं, शेजारी म्हणून. मी दार वाजवलं तेव्हा ती कोटावर युनियनचा बिल्ला लावून दारामागेच उभी होती. उशीर केला म्हणून वर मलाच बोलणी बसली.

ती रेनकोटच्या कारखान्यात शिवायची. विजेची टंचाई होती त्या हिवाळ्यात तिथल्या बायकांनी संप केला, आणि सगळ्यांच्या पुढे विनीमावशी. तिची सख्खी धाकटी बहीण हिल्डा मात्र कामावर गेली. नवरा अंथरुणाला खिळलेला, पोरं लहान. पण आमच्याकडे फितुराला माफी नाही. तेव्हापासून विनीमावशीने तिच्याशी बोलणं टाकलं. दोघी पाव एकाच बेकरीतून घेतात, पण एक आत असली की दुसरी बाहेर थांबते, पाऊस असला तरी. मला हा शुद्ध आडमुठेपणा वाटतो, पण तिला तोंडावर सांगायची माझी छाती नाही.

वाचनालयातली बेथन आमच्याइतकीच अधीर होती. चहा-बिस्किटं कशीबशी उरकून तिने मोठ्या टेबलावर निशाण उलगडलं. रेनकोटच्याच निळ्या कापडाचं, वर पिवळी अक्षरं. मावशी लहान पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली. पहिल्याच मोर्चात ते वाऱ्याने मधोमध फाटलं होतं, तिने सांगितलं. तिची मैत्रीण नोरा ते घरी घेऊन गेली आणि सकाळी सांधून, मागून अस्तर लावून घेऊन आली. नोरा आता हयात नाही.

ते अस्तर आता निसटलं होतं. बेथनने निशाण पालथं केलं आणि मावशीला आणखीच चेव आला. कारखान्यात वरचा दोरा कापडाच्या रंगाचा, पण खालचा, बॉबिनमधला, प्रत्येकीचा वेगळा असायचा, शिवण उसवली तर ती कुणाची हे तपासनिसाला कळावं म्हणून. ही हिरवी शिवण माझी, ही लाल नोराची, असं दाखवत तिचं बोट मधल्या सांध्यावर आलं आणि थांबलं. तिथला दोरा जांभळा होता.

"हे नोराने नाही शिवलेलं," ती म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. मग कुणाचं, मी विचारलं.

"जांभळा एकीचाच होता. आमच्या हिल्डीचा."

ती लगेच उठली. बेथनचे आभारही मलाच मानावे लागले. गाडीत बसल्यापासून तिचं एकच, हिल्डीकडे ने, लवकर ने. सिग्नल लाल झाला की ती सिग्नललाच शिव्या घालायची.

हिल्डाने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"शिवण वाकडी आलीये तुझी," विनीमावशी म्हणाली.

कसली शिवण, हे हिल्डाने विचारलं नाही. "वीज गेली होती गं. मेणबत्ती लावून शिवलंय."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"बोलत होतीस का माझ्याशी?"

विनीमावशी पायरीवरच हुंदके द्यायला लागली. हिल्डाने तिला बाहीला धरून आत ओढलं.