माझे प्रश्न शाळेत जायचे

आमच्या नातीच्या शाळेत बाईंनी उलटीच रीत काढली. धडा घरी बघायचा आणि अभ्यास वर्गात करायचा. बाई स्वतः धडा समजावून सांगतात, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ करतात आणि पालकांना पाठवतात. आमच्या वाडीत रेंज कुठली? माझा मुलगा टेम्पो चालवतो. तो वेल्ह्याच्या स्टँडवर व्हिडिओ उतरवून घेतो आणि संध्याकाळी आला की मोबाईल पोरीच्या हातात देतो. भाकरी थापता थापता मीही बघायची.

बाईंची अट एकच. व्हिडिओ बघून प्रत्येकानं एक प्रश्न आणायचा. तिथंच आमची गाडी अडली. नात सातवीत, हुशार, पण वर्गात तोंड उघडेल तर शपथ. आता आमच्याकडं पोरीनं मोठ्यांना काही विचारलं की उलटं बोलते म्हणतात, मग सवय लागणार कशी, सांगा.

सूनबाईला तर ही रीत पटेचना. "पगार बाईंचा आन् शिकवनार मोबाईल. वर्गात पोरं नुसत्या गप्पा मारत्यात म्हनं. आत्या, दिवाळीनंतर हिला सारोळ्याला मामाकडं ठिवू. तिथं फळ्यावर शिकवत्यात."

नात ताटातला भात चिवडत राहिली. तिला जायचं नव्हतं. मला तर घर खायला उठलं असतं.

त्या दिवशीचा धडा उष्णतेचा. हवा तापली की पसरते, असं बाई सांगत होत्या.

मी म्हटलं, "मग भाकरी फुगती ती हवेनं व्हय? आन् हवा आत शिरती कुठनं? म्या तर थापून थापून काढती."

"मला काय म्हाईत, आज्जे."

"मग इचार की बाईंना."

"मी न्हाई इचारनार."

"माझा म्हनून इचार. सांग, म्हातारीनं डोकं खाल्लं."

माझा म्हणून तिनं विचारला. बाई हसल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गातच शेगडी मांडली. मग रोजचंच झालं. मी विचारायची, ती न्यायची, उत्तर घरी यायचं. पोरं चिडवायची, "आजीला बसवा बाकावर, हिला धाडा भाकऱ्या थापाय." ती हसायची, पण स्वतःचं काही विचारायची नाही. सूनबाईचं सारोळंही काही हलेना.

दिवाळीच्या तोंडावर झाडांचा धडा आला. झाड उन्हावर अन्न तयार करतं म्हणे. मी म्हटलं, मग आंब्याखालची नाचणी वावरातल्या नाचणीपेक्षा उंच का? बाईंनी पोरांना दोन कपांत नाचणी पेरायला लावली. एक कप खिडकीत, एक खोक्याखाली.

थोड्या दिवसांनी सूनबाई शाळेत दाखल्याचं विचारायला गेली. परत आली. पाणी प्यायली, मग म्हणाली, "दारात उभी ऱ्हायले, आत्या. बाई पोरांच्यात खाली बसलेल्या. खोक्याखालची रोपं लांबट, पिवळी झालेली. बाईंनी हिला इचारलं, आज आजींचा काय प्रश्न? तर म्हनली, आजीचा न्हाई, माझा हाय."

माझा हात परातीतच राहिला. "काय इचारलं?"

"ही पिवळी रोपं खिडकीत ठिवली तर हिरवी व्हतील का. मग काय, निम्मी पोरं व्हय म्हनली, निम्मी न्हाई, आन् लागली भांडाय. ही बी भांडत व्हती. हिचा येवढा आवाज म्या घरात कधी ऐकला न्हाई."

"आन् दाखला?"

"ऱ्हाऊ द्या आता," म्हणाली, आणि कांदा चिरायला बसली.

सुट्टीत तो पिवळा कप आमच्या खिडकीत आला. पानं हळूहळू हिरवी झाली, देठ मात्र वाकडेच राहिले. मी विचारलं, "हे सरळ का व्हत न्हाईत गं?"

नात म्हणाली, "ध्यानात ठिव, आज्जे. पर शाळा उघडली की आधी माझा नंबर."