येऊ की एकदा!

आमच्या वरच्या खोलीत लायबेरियाचा एक मुलगा भाड्याने राहायचा. कात्रजच्या बाजूला एका कॉलेजात फार्मसी शिकायचा. शिक्षण संपवून निघताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काकू, आता तुम्ही आमच्याकडे या." मी म्हटलं, "येऊ की एकदा!" पुण्यात या वाक्याचा अर्थ ‘आता चपला घाला’ एवढाच असतो. तेवढं मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे एका उन्हाळ्यात त्याचा फोन आला. घरावर नवे पत्रे घातलेत, आई विचारतेय, कधी येताय? मला कसनुसं झालं. आमच्या ह्यांना मात्र हुरूप आला. भिंतीवर नकाशा लागला, कुठली लस टोचून घ्यायची याची चौकशी झाली. स्वारगेटजवळचा ट्रॅव्हलवाला म्हणाला, "तिकडे कुणी हौसेने जातं का? दुबई करा." नणंद म्हणाली, "तिथलं यादवी युद्ध संपलं म्हणे. पण तिकडच्या लोकांना कळवलंय ना?" सगळे हसले. मी जरा जास्तच हसले, कारण मला न जाण्यासाठी निमित्त हवंच होतं. दुसऱ्या दिवसापासून माझा गुडघा दुखायला लागला.

रविवारी पुन्हा फोन आला. या वेळी शेजारी आई होती. ती बोलायची आणि तो मोडक्यातोडक्या मराठीत मला सांगायचा. युद्धात त्यांचं घर जळलं. परत बांधलं, पण तेव्हापासून लांबचा पाहुणा कुणी उतरलेला नाही. पाहुणे आले की शेजाऱ्यांना पटेल, आता खरंच सगळं ठीक झालं, असं तिचं म्हणणं. मी मांसमच्छी खात नाही हे त्याने सांगून ठेवलं होतं, म्हणून तिने अंगणात भेंडी लावली होती.

लाजेने माझे कान तापले. सरळ ‘नाही’ म्हणायची हिंमत होईना. तोंडातून निघालं, "बघू, कसं जमतंय ते."

गळका नळ, बंद पडलेला पंखा, मित्राला मुक्कामाला ठेवू का, त्याच्या प्रत्येक विचारण्यावर मी ‘बघू’च म्हणत आले होते. हा शब्द तो माझ्याकडेच शिकला होता, अर्थासकट.

मग तो आईशी काहीतरी बोलला. ती मोठ्याने हसली, टाळ्याही वाजवल्या.

"काय सांगितलंस रे त्यांना?" मी विचारलं.

"येताय म्हणून सांगितलं, काकू."