अप्पांची वीत

खडूअप्पांच्या उजव्या कानावर कायम खडूचा तुकडा असायचा, सुताराच्या कानावर पेन्सिल असते तसा. जेवताना असायचा, गिऱ्हाइकाला साखर जोखताना असायचा, सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसत तेव्हाही असायचा. तो खडू माझ्याच शाळेतून जातो, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "बाई, तुमच्या खडूनं पोरं एक-दोन गिरवत्यात. मीबी गिरवायलोच की." आता या माणसावर रागवायचं कसं?

अहमदपूरहून आत, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. किराणा दुकान नावाला अप्पांचं. चालवायच्या अक्का, त्यांच्या बायको. अप्पांचा सगळा जीव दारातल्या लिंबाखाली उभ्या असलेल्या पिकअपमध्ये. मिलिट्रीच्या लिलावातली जुनी गाडी, चारी चाकांना जोर लागणारी, मागे उघडा हौदा. त्या गाडीत पुढं काय काय करायचंय, ते अप्पा खडूनं काढून ठेवत. चाकं मोठी करायची म्हणून चाकाभोवती दुसरं गोल चाक. टपावर दिवे. पुढं दोर गुंडाळायचं चक्र, म्हणजे चिखलात रुतली तर गाडी झाडाला दोर बांधून स्वतःच बाहेर येईल. दुपारी ऊन पानांतून त्या रेघांवर हलायला लागलं, की ती खडूची गाडी खरीच्या अंगावरून निघाली असं वाटायचं. मीसुद्धा मग ओट्यावर चहा घेऊन बघत बसायची. गावात म्हणत, अप्पांची गाडी पेट्रोलवर नाही, खडूवर चालते.

लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता. आमच्या कागदांवर अजून उस्मानाबाद खोडून लातूर लिहायचे दिवस होते. जिल्हा नवा, पण दुष्काळ जुनाच. माझी शाळा वर डोंगरावरच्या वस्तीवर. टँकर पायथ्याच्या विहिरीत पाणी ओतून परत जायचा, कारण वरचा चढ त्याच्या बापाला जमला नसता. मग वस्तीवरच्या बायका आणि पोरी घागरी घेऊन दिवसभर खाली-वर. पटावर चाळीस नावं आणि वर्गात नऊ पोरं. त्यात पोरगी एकही नाही. शिक्षण खात्याच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, उन्हाळ्यापर्यंत हजेरी भरली नाही तर शाळा बंद, उरलेली पोरं खालच्या गावात. खालच्या गावात पोरी कोण पाठवणार? त्या बंदच झाल्या असत्या.

अप्पांना हे माहीत नव्हतं असं नाही. चढावर पाणी नेणारी टाकी तर त्यांनी मागच्या उन्हाळ्यातच काढून ठेवली होती. पण टाकीआधी चाकं, चाकांआधी स्प्रिंगचे पाटे, पाट्यांआधी आणखी काही. "घाईनं केलं की दोनदा करावं लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका दुपारी मी रिकाम्या वर्गाला कुलूप लावून खाली आले, तर अप्पा टपावर पाचवा दिवा काढत होते. माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "अप्पा, माझ्या पोरी खडूचं पाणी पिणार का?"

धोतराच्या सोग्यानं अप्पांनी पाचवा दिवा पुसला, मग चौथा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरपाशी त्यांनी नायगावच्या वेल्डरसाठी चिठ्ठी दिली. हा वेल्डर जुना पैलवान, हात रामोशाच्या ढालीएवढे. चिठ्ठीत लिहिलं होतं, टाकी लांब नऊ वीत, रुंद सहा. अप्पा टेप कधी वापरत नसत. टेप ताणला की खोटं बोलतो, हात बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. आठ दिवसांनी टाकी आली आणि हौद्यात मावेना. अप्पा पाच फुटी माणूस, त्यांची वीत ती केवढी! पैलवानानं आपल्या पंजानं मोजलं होतं. तो स्वतः टाकीबरोबर आला होता, त्यानं सगळ्यांदेखत पुन्हा वीत टाकून दाखवली. "मोजा की अप्पा. नऊ म्हंजे नऊ." अख्खं गाव हसलं. मी हसले नाही. घाई माझी होती.

मला वाटलं, आता सहा महिने नवी चित्रं. पण अप्पांनी हौद्याच्या फळ्या काढल्या, टाकी तशीच दोरांनी आवळली. ती मागं दोन वीत लोंबत होती. पाणी भरून गाडी चढाला लावली, तर मागच्या वजनानं पुढची चाकं जमिनीवरून उचलली जायला लागली. स्टिअरिंग फिरवावं तर गाडी सरळच जाते, एका बाजूला दरी. अप्पा हळूहळू मागं आले, खाली उतरले, कानावरचा खडू हातात घेऊन उगीच फिरवत राहिले. पुढं वजन पाहिजे, एवढंच म्हणाले. तेव्हा अक्कांनी दुकानाची फळी लावली, पदर खोचला आणि त्या उजव्या मडगार्डवर जाऊन बसल्या. माझ्याकडं नुसतं बघितलं. मी डाव्या मडगार्डवर बसले.

तो चढ मला अजून स्वप्नात येतो. पाय अधांतरी, धरायला काही नाही, मागं पाण्याचा डबडब आवाज, पांढऱ्या धुळीत सगळा डोंगर तरंगतोय. आतून अप्पा म्हणत होते, "बाई, हलू नका. तुमी आता गाडीचा पार्ट हायत." वर पोचलो तेव्हा पोरी घागरी टाकून गाडीमागं धावल्या. पुढच्या सोमवारी वर्गात सव्वीस पोरं होती, त्यात अकरा पोरी. पाऊस पडेपर्यंत रोज सकाळी शाळेआधी आम्ही दोघी मडगार्डवर. शाळा राहिली.

पुढच्या वर्षी चढावर सडक झाली, टँकर वरपर्यंत जायला लागला. माझी बदली किल्लारीकडं झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा अप्पांनी मला दुकानाच्या भिंतीवर हात पसरून ठेवायला लावला आणि माझ्या वितेभोवती खडूनं रेघ ओढली. "वीत कुणाची, ते आधी इचारावं," म्हणाले. मला वाटलं, आठवण म्हणून काढली असेल. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी जास्त विचारलंच नाही.

अप्पा गेल्याचं मला बदलीनंतर चार वर्षांनी कळलं, तेही उशिरा. अक्कांना भेटायला गेले. गाडी लिंबाखालीच होती, टाकी काढलेली. डाव्या मडगार्डवर लोखंडी बैठक जोडली होती, पाठीला टेकण, वर गोधडीची घडी, पाय ठेवायला पट्टी आणि धरायला दांडी.

"तुमी गेल्यावर केलं," अक्का म्हणाल्या. "मी म्हनलं, आता सडक झाली, कशाला? तर म्हनले, बाई कधीबी येतील."

मी बसले. पाय बरोबर पट्टीवर टेकले, दांडी बरोबर मुठीत आली. चढावरची सडक समोर दिसत होती. मी अक्कांना म्हणाले, या, तुम्हीही बसा तुमच्या जागेवर.

त्यांच्या मडगार्डवर बैठक नव्हती. तिथं खडूनं काढलेली होती, टेकणासकट, दांडीसकट. एवढ्या दिवसांनीही तिच्यावर ना धूळ होती, ना पाण्याचा थेंब. अक्कांनी वर पोत्याचं छप्पर बांधलेलं होतं.

अक्का बसल्या नाहीत. "पुसंल ते," म्हणाल्या.