तीनशे बाराच्या पुढे

कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं हो? ज्यानं सांगितलं त्याला नाशकात नासर्डीच्या काठी आणा आणि रोहिणीसमोर बसवा. ती वाद घालणार नाही. त्यासाठी लागते ती रग तिच्यात आता शिल्लक नाही.

पूर्वी होती, आणि चांगली दणदणीत होती. रोहिणी वस्तीतलीच पोर. एका वर्षी जयंतीचा डीजे रद्द करून पोरांनी विहारात जुना कॉम्प्युटर आणला, तेव्हा अर्ध्या वस्तीनं शिव्या घातल्या. त्याच डब्यावर बसून झेरॉक्सच्या नोटांवरून ही जावा, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, शिकली. घरात आई सुमनबाईची गडबड असायची, म्हणून वाचायला शेजारच्या कुसाबाईची खोली. कुसाबाई सकाळी सातलाच बिगारीच्या नाक्यावर जायची. किल्ली रोहिणीच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "दिवसभर कुलूपच तर ऱ्हातं. बस तिथं, शीक काय शिकायचं ते."

रोहिणी शिकली आणि कुंदनसरांच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात लागली. दुसरा मजला, सहा टेबलं, एक एसी. त्या ऑफिसला पुनर्वसनाच्या सर्वेच्या प्रोग्रामचं काम मिळालं, आणि काम निघालं नेमकं तिच्याच वस्तीचं. यादीत नाव असेल त्याला पक्की खोली, नसेल त्याच्या झोपडीवर बुलडोझर. सरळ हिशेब.

सर्वेवाले आले सकाळी अकराला. अकराला वस्तीत कोण असतं? म्हातारी, बाळंतिणी आणि कुत्री. नाक्यावरची माणसं तोवर चौथ्या मजल्याच्या स्लॅबवर. दाराला कुलूप दिसलं की साहेब पुढं. तीनशे बारा घरं लिहिली गेली, एक्केचाळीस राहिली. कुसाबाईचं त्यातच.

रोहिणी पुनर्वसनाच्या कचेरीत जाऊन साहेबांशी भांडली. दुसरी फेरी घ्या, रविवारी घ्या, विहारात घ्या, नोंदी मी घेते. शेवटी साहेब वैतागून हो म्हणाले. "पण कागद नको. थेट कॉम्प्युटरवर भरा."

आता प्रोग्रामचं ऐका, अवघड काही नाही. पहिल्या फेरीची घरं प्रोग्राममध्ये ठेवली होती अ‍ॅरेमध्ये. अ‍ॅरे म्हणजे एसटीच्या रिझर्व्हेशनचा तक्ता. तीनशे बारा सीट म्हणजे तीनशे बाराच. नवी घरं घालायची तर लिस्ट लागते. लिस्ट म्हणजे चांदवडची काळीपिवळी, सरका जरा म्हटलं की अजून एक बसतो. रोहिणीनं एका ओळीत अ‍ॅरेची लिस्ट करून टाकली. जावात तशी तयार सोय आहे. पण ती सोय फसवी. बाहेरून पाटी काळीपिवळीची लागते, आत सीट त्याच मोजलेल्या. बसलेल्या माणसाच्या जागी दुसरा बसवता येतो, नवा चढवता येत नाही. चढवायला गेलं की जावा ओरडते.

तिनं ओरडू दिलं नाही. कुंदनसरांच्या ऑफिसचा शिरस्ताच तो. "साहेबांसमोर लाल अक्षरं दिसली की काम गेलं समजा. चूक आली तर गिळायची, स्क्रीन हसरी पाहिजे." म्हणून जावाचं ओरडणं पकडून गप्प करायचं आणि खाली हिरव्या अक्षरांत दाखवायचं, 'नोंद झाली'. ऑफिसात सगळेच तसं लिहीत, तिनंही लिहिलं.

तपासलं नाही का? तपासलं. एका घराचं नाव बदलून बघितलं, बदललं. नवं घर घालून मात्र बघितलं नाही. शेजारच्या टेबलावरची निकिता म्हणाली होती, "अगं घाल ना एखादं खोटं नाव, मग काढून टाक." रोहिणीचा हात धजला नाही. वस्तीतले लोक बोगस झोपड्या घुसवतात, हे टोमणे लहानपणापासून ऐकलेली पोर. चाचणीपुरतंसुद्धा खोटं घर आपल्या हातून जाऊ नये, एवढी तिची इमानदारी. त्या इमानदारीनंच घात केला.

रविवारी विहारात रांग लागली. एकेकाचं नाव, आधार नंबर, घरातली माणसं. रोहिणी टाइप करत होती आणि हिरवी अक्षरं येत होती. स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारा सेंट्रिंगवाला लहानूतात्या तिच्या खांद्यामागं उभा होता.

"पोरी, ह्यो कोपऱ्यातला आकडा हालंना. मघापासून तीनशे बाराच हे."

"मशीन बंद करून चालू केलं की हलतो, तात्या. तुम्ही काय स्लॅब टाकल्या टाकल्या सेंट्रिंग काढता का?"

"नाय बा. दिस भरल्याबिगर नाय काढत."

"मग?"

सगळे हसले, तात्याही हसला. एक्केचाळीस नोंदी झाल्या. मशीन पुन्हा चालू करून आकडा मात्र कुणी बघितला नाही. कुसाबाईनं रोहिणीच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली.

तीन आठवड्यांनी यादी विहाराच्या भिंतीवर लागली. कुसाबाईला अक्षर येत नाही. "माझ्या नावावर बोट ठिव," ती म्हणाली. रोहिणीचं बोट खाली खाली गेलं, तीनशे बारावर पोचलं आणि पुढं नुसता चुना लागला.

ती धावत ऑफिसला गेली. चूक गिळणारी ओळ काढली आणि कुसाबाईचं नाव घातलं. लाल अक्षरं आली. ती त्या रविवारीही एक्केचाळीस वेळा आली होती, फक्त तिनंच त्यांचं तोंड दाबलं होतं. मग तिनं खरी वाढणारी लिस्ट नव्यानं केली आणि जुनं सगळं तिच्यात ओतलं. फरक एका ओळीचा, काम पाच मिनिटांचं. आकडा तीनशे तेरा झाला. नोंदणीची मुदत संपून नऊ दिवस झाले होते.

कुंदनसर म्हणाले, "बग सापडला, दुरुस्त झाला. पुढच्या वस्तीला कामी येईल."

"सर, ह्या वस्तीचं काय?"

"रोहिणी, कोड कुणाचा? तुझा. नोंदी कुणी घेतल्या? तू. कागदावर आणलंस तर नाव कुणाचं येईल?"

तिनं कागदावर आणलं. स्वतःच्या नावानिशी, सहीनिशी. नोकरी त्याच दिवशी गेली. कागद घेऊन ती साहेबांपुढं उभी राहिली.

"राहता कुठं?" साहेबांनी विचारलं.

"तिथंच."

"तुमचं घर यादीत?"

"एकशे अठरा नंबर."

"वा. म्हणजे स्वतःचं बसलं, आता शेजारपाजार घुसवायचा. मॅडम, प्रोग्राम लिहिणारीच म्हणते प्रोग्राम चुकला, ह्याला पुरावा म्हणत नाहीत. त्या दिवशी ह्या माणसांच्या नोंदी झाल्या, असं दाखवणारं काहीतरी आणा."

आणायचं काय? कागद साहेबांनीच नको म्हटला होता.

वस्तीत नळावर बायका सुमनबाईला ऐकवायला लागल्या. "तुझ्या लेकीचं बरं एकशे अठरालाच बसलं." सुमनबाईनं दोनदा भांडण केलं, तिसऱ्यांदा हंडा उचलून घरी आली आणि लेकीशी बोलायची बंद झाली. विहारातल्या कॉम्प्युटरवर कुणी पोरगं दिसलं की रोहिणी वाट बदलते.

मग एक्केचाळीस दारांवर लाल फुल्या पडल्या आणि बुलडोझर आला. कुसाबाई भाचीकडे विंचूरला निघाली. टेम्पोत तिची कॉट चढवायला रोहिणी गेली. दोघींनी मिळून कॉट चढवली.

"तुझ्यावर राग नाय माझा," कुसाबाई म्हणाली. "पर एक सांग. तात्या म्हनला आकडा हालंना, तवा तुला कळलं नव्हतं का?"

"नाही मावशी. मला वाटलं, मला येतंय."

कुसाबाई टेम्पोत चढून कॉटवर बसली. टेम्पो गेला. खोलीच्या जागी आता विटांचा ढीग आहे.

अपिलाची एक तारीख बाकी आहे. रोहिणीला त्यातून काही होईल असं वाटत नाही, तरी रोज दोन-चार जणांना ती विचारते. त्या रविवारी विहारात बाहेरची बरीच माणसं आली होती. कॉलेजची पोरं होती, पक्षाचे कार्यकर्ते होते, मिरवायला आलेलेही होते, आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल होते. तुम्ही त्यांच्यातले असाल, तर आज फोन उघडा आणि तारखेनिशी शोधा. एखाद्या फोटोत मागं ती स्क्रीन असेल, हिरवी अक्षरं असतील, समोर कुसाबाई नाहीतर लहानूतात्या असेल. तो फोटो पुसू नका. नासर्डीकाठी येऊन रोहिणीच्या हातात द्या.