मामांच्या उजव्या कानाचा दावा

दुसऱ्याचं भांडण दिसलं की घरचं काम टाकून त्यात जाऊन बसणारा माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. तंटा बांधाचा असो की पाण्याच्या पाळीचा, केंदूरचे हे मामा अंगणातलं लाकडी स्टूल काखेत मारून हजर. स्टूल मधोमध, एक पार्टी डावीकडे, दुसरी उजवीकडे, आणि फर्मान सुटायचं, "दोघं एकदमच बोला!" एकाला आधी बोलू दिलं की दुसऱ्याचा पापड मोडतो, म्हणून ही युक्ती. डाव्या कानानं एकाचं, उजव्यानं दुसऱ्याचं ऐकून मामा असा निकाल देत, की दोघं सोबत चहा घेऊनच उठत. त्या गलक्यात मामांना काय ऐकू येत होतं, देव जाणे.

करोनाची लस घेतली आणि काही दिवसांनी मामांचा उजवा कान अचानक बंद पडला. कानाच्या डॉक्टरांना विचारलं, लसीनं गेला का? ते म्हणाले, सांगता येत नाही. मग वयानं? तेही सांगता येत नाही. पुढच्याच तंट्यात मामांनी दोन सख्ख्या भावांपैकी एकाचंच ऐकून निकाल दिला. ज्याच्या बाजूनं दिला, तोसुद्धा ओशाळला. "मामा आता थकले," असं गाव म्हणू लागलं आणि बोलावणी बंद झाली. मामांनी आरोग्य खात्यावर भरपाईचा दावा ठोकला.

"पैशासाठी न्हाई, जावईबापू," ते मला म्हणाले. "लसीनं गेला असं कोर्ट म्हणलं, म्हंजी वयानं गेला न्हाई, हे आपसूक ठरतंय."

हा युक्तिवाद मला तेव्हा बरोबर वाटला. घरी आल्यावर वाटेना.

शिरूरच्या लोकअदालतीत तडजोडीची तारीख लागली, तेव्हा मी वरवंडहून सोबतीला गेलो. मामांनी आत शिरताच आपले वकील आणि आरोग्य खात्याचे डॉक्टर यांच्या मधोमध खुर्ची ओढली. "हां, आता दोघं एकदमच बोला!" न्यायाधीशबाई बघतच राहिल्या.

डॉक्टरांनी अदबीनं विचारलं, "सुई डाव्या दंडात, मग कान उजवा कसा?"

"आरपार गेली, हीच तर माझी तक्रार हाय!"

डॉक्टर नेमके बंद कानाच्या बाजूला बसलेले. मामांनी खुर्चीच फिरवली आणि डावा कान पुढं केला. कान कशानं गेला हे तपासणीत निघत नाही, मग लसीनं गेला असं आम्ही कसं लिहून देणार, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी मान हलवली. "ह्यांचं बी खरं हाय की!" वकिलांनी कपाळावर हात मारला.

"पण मामा, तुमचं म्हणणं काय आहे?" बाईंनी विचारलं.

मामा गोंधळले. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारलेला नसावा. "माझं?" त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. "वयानं गेला, तेवढं लिवू नका, बाई."

लसीनं गेला असंही लिहायचं नाही, वयानं गेला असंही नाही. खात्यानं कानाचं यंत्र द्यायचं आणि मामांनी दावा सोडायचा, असं ठरलं. बाहेर येऊन मामांनी वकील आणि डॉक्टर दोघांना चहा पाजला. एसटी स्टँडवर मात्र ते मला म्हणाले, "तंटा तर मिटला, जावईबापू. पर भांडत कुणाशी व्हतो, ते काय उमगलं न्हाई."

मलाही उमगलं नव्हतं.

यंत्र डबीतच पडून आहे. "ते लावलं की दोन्ही पार्ट्या खऱ्याच वाटत्यात," म्हणतात. गाव अजूनही बोलवत नाही. मला त्यांचं फार वाईट वाटतं. म्हणून परवा मी आणि बायको मुद्दाम केंदूरला भांडायला गेलो. दारात कढीपत्ता लावायचा की जास्वंद, एवढाच वाद. मामांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! स्टूल आलं. भाचीला डावीकडे बसवलं, मला उजवीकडे. "दोघं एकदमच बोला!"

ती तावातावानं सुरू झाली. मी त्या बंद कानाशी वाकून हळूच म्हणालो, "मामा, तुम्ही काही थकला नाहीत."

मामांनी मान डोलावली. तिच्या जास्वंदीला की माझ्या बोलण्याला, ते काही कळलं नाही.